साडेचार फुटांवरची फांदी

पट्टीसाहेबांनी उतारवयात चेंडू खालून मारायला शिकायचं ठरवलं आणि त्यासाठी त्यांच्या सोसायटीला खास सभा बोलवावी लागली.

आता खालून मारणं म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर त्या सभेतल्या निम्म्या लोकांसारखा तुमचाही गैरसमज व्हायचा. गोल्फमध्ये चेंडू साधारणपणे वर उडवतात. तो उंच जातो, लोक माना वर करून बघतात आणि मारणाऱ्याला आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण समोर झाडाची फांदी आडवी आली, की ही शान उपयोगाची नसते. तिथे चेंडू दाबून, ठेंगणा मारावा लागतो. जमिनीपासून हात-दोन हात वर राहून तो सुसाट सुटला पाहिजे आणि हवा तिथे थांबला पाहिजे. याला इंग्रजीत ‘पंच’ म्हणतात. वर्णन करायला हे अगदी सोपं आहे. पट्टीसाहेबांनी कित्येकदा ते उत्तम केलेलंही होतं. मारायला मात्र सव्वीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात त्यांची छत्तीस वर्षं गेली. खिशात पेन असो वा नसो, सहा इंची पट्टी असायचीच, म्हणून हे नाव. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पट्टी खिशात होती आणि नाव अंगावर होतं. पडदे शिवून आले तरी ते दोन्ही बाजूंनी मोजून मगच टांगू देत. त्यांच्या नकाशांचा खात्यात दरारा होता. निळं म्हणजे पाणी, लाल म्हणजे नवं बांधायचं, पिवळं म्हणजे पाडायचं. एका नवशिक्या ओव्हरसियरने एकदा घाईत लाल-पिवळ्याची अदलाबदल केली, तेव्हा पट्टीसाहेबांनी त्याला समोर बसवून ‘पिवळं म्हणजे पाडायचं’ हे एकच वाक्य दोन पानं लिहायला लावलं होतं. तो ओव्हरसियर पुढे मोठ्या जलाशयाच्या देखरेखीवर गेला, त्याच्याही डोक्याला टक्कल पडलं, पण साहेब दिसले की तो अजून हातातलं काम टाकून उभा राहतो.

या जलाशयाच्या कडेनेच गोल्फचं मैदान होतं. फार पूर्वीच्या कुणा मुख्य अभियंत्याला या खेळाचं वेड होतं. त्याने मोकळ्या जागेत नऊ खड्डे खणून घेतले आणि कागदोपत्री त्यांना ‘निचरा निरीक्षण खड्डे’ असं नाव दिलं. अभियंता गेला, खड्डे राहिले. दर शनिवारी सकाळी कर्मचाऱ्यांना, आणि पुढे निवृत्तांनाही, त्यांचं निरीक्षण करायची मुभा होती. बाकीच्यांचा उत्साह दोन-तीन वर्षांत ओसरला. उरले दोघंच. एक पट्टीसाहेब आणि दुसरे टकटकराव.

टकटकराव खात्यातले टंकलेखक. नकाशा विभाग आणि टंकलेखन विभाग यांच्यामध्ये लाकडी आडोसा होता, छातीपर्यंतच्या उंचीचा. पलीकडून दिवसभर टकटक चालायची. ती थांबली की आडोशावरून एक लांबोडकं तोंड वर यायचं आणि विचारायचं, “चहा?” मैत्री म्हणून जी काही होती ती या एका शब्दावर उभी राहिलेली होती, आणि ती भक्कम होती. अभियंत्याने मागे टाकलेल्या पाच काठ्या दोघांत मिळून वापरायच्या, त्यातल्या सात नंबरच्या काठीवरून भांडायचं, आणि नऊ खड्डे झाले की जलाशयाच्या भिंतीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचा, असं ते सव्वीस वर्षं चाललं.

भानगड होती सातव्या खड्ड्याची. तिथे उजव्या हाताला जलाशयाची भिंत, डाव्या हाताला मातीचा बांध आणि बांधावर एक प्रचंड जुनं झाड. त्या झाडाची एक जाडजूड फांदी वाटेवर बरोबर आडवी आलेली होती. जमिनीपासून साडेचार फूट. पट्टीसाहेबांनी मोजलेलं आहे, तेव्हा त्यात शंका नको. तिच्यावर पानांचा असा पसारा की वरून मारायची सोयच नव्हती. टकटकराव यायचे, थोडे वाकायचे, आणि खट्ट असा आवाज काढून चेंडू फांदीखालून पलीकडे पाठवायचे. पट्टीसाहेब मारायचे तो चेंडू फांदीवर आदळून बऱ्याचदा त्यांच्याच पायाशी परत यायचा. मग त्यांना बांधाला वळसा घालून दोन फटके जास्त खर्च करावे लागत. चेंडू आदळला की टकटकराव दर वेळी एकच वाक्य बोलत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता.

“फांदी तिथेच आहे रे.”

नंतर दोघं फांदीखालून वाकून पलीकडे जात. टकटकराव उंच, त्यांना जरा जास्तच वाकावं लागे, आणि ते टोपी काढून हातात धरत. पट्टीसाहेब त्यांच्यामागून चरफडत जात.

एका शनिवारी चहा पिता पिता टकटकराव म्हणाले, “लेकीकडे जातोय.”

“किती दिवस?”

“सामानासकट,” टकटकराव म्हणाले. “घर सोडून दिलं. एकट्याने किती दिवस काढायचे? ती रोज फोनवर रडते, मग मी दिवसभर बेचैन. आपल्याकडे अजून सहा शनिवार आहेत.”

इथे पट्टीसाहेबांनी काहीतरी बोलायला हवं होतं. मनात पुष्कळ आलंही असणार. पण त्यांच्या तोंडून निघालं ते, “गाडी किती वाजता सुटते?” टकटकरावांनी वेळ सांगितली. पट्टीसाहेबांनी थर्मासचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं, आणि घरी गेले.

घरी बायकोला म्हणाले, “मला सातव्याला खालून मारायचंय. सहा आठवड्यांत.”

“टकटकभाऊजी चाललेत आणि तुम्ही चेंडू मारायला शिकताय?”

“दोन्हींचा काही संबंध नाही.”

“नाही कसा,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचा नकाशा पाठ केला होता.

संबंध अर्थातच होता. पट्टीसाहेबांना टकटकरावांना हरवायचं नव्हतं. त्यांना फक्त एकदा, एकदाच, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत चेंडू फांदीखालून काढायचा होता. सव्वीस वर्षं ज्याने आपलं हसं पाहिलं त्यानेच ते पाहायला हवं. तो गेल्यावर जमलं काय आणि न जमलं काय, त्याला काडीचा अर्थ नव्हता.

सराव दिवाणखान्यात सुरू झाला आणि तिथेच पहिल्या संध्याकाळी संपला. सतरंजीवरून मारलेला चेंडू खालून जायचं सोडून छताकडे झेपावला, फिरत्या पंख्याने तो स्वयंपाकघराकडे पाठवला, आणि काही वेळाने बायको बाहेर आली ती चेंडू चिमट्यात धरून. तो चहाच्या पातेल्यात उकळत होता. ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं पट्टीसाहेब नंतर म्हणत.

दुसऱ्या दिवसापासून सराव खाली, इमारत आणि कुंपणाच्या भिंतीमधल्या बोळात हलवला. रुंदी अकरा फूट, लांबी बासष्ट. बोळ जणू याच कामासाठी सोडलेला होता. फक्त तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांची खिडकी होती आणि पहिल्या मजल्यावरच्या मावशींच्या कपड्यांच्या दोऱ्या बोळावर आलेल्या होत्या.

माणूस वाचत बसला तर कुणी विचारत नाही, पण हातात काठी घेऊन बोळात उभा राहिला की सगळ्या इमारतीला त्या विषयातलं कळायला लागतं. समोरच्या बँकवाल्यांचा साडू गोल्फ खेळत असे, त्यामुळे ते जाणकार. ते म्हणाले, “जोर कमरेतून आला पाहिजे.” तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक म्हणाले की जोर मुळात नकोच, एकाग्रता हवी. डॉक्टर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात खिडकीत येऊन म्हणाले, “मनगट ढिलं सोडू नका काका. मी दाढ काढतो तेव्हा बघा, मनगट जागचं हलत नाही.” मावशींनी वरून सांगितलं, “रागाने मारताय तुम्ही. त्या चेंडूने तुमचं काय वाकडं केलंय?” पट्टीसाहेबांनी सगळ्यांचं ऐकलं. जोर कमरेतून आणला, मग काढून टाकला, मनगट आवळलं, राग गिळला आणि चेंडू मारला. तो सरळ वर जाऊन मावशींच्या उशीच्या अभ्र्यात शिरला आणि तिथेच राहिला.

पुढचा चेंडू मात्र वर गेला नाही. तो डॉक्टरांच्या खिडकीच्या गजावर असा काही आदळला की आत खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या गृहस्थांनी दचकून ते मिटलं. डॉक्टर बोट धरून बाहेर आले.

“काका,” ते शांतपणे म्हणाले, “पेशंटने तोंड मिटलं. माझं बोट आत होतं.”

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. हे सेक्रेटरी म्हणजे पत्रव्यवहारासाठीच जन्माला आलेला माणूस. शेजारच्या दारात राहणाऱ्या माणसालाही ते पोचपावतीची प्रत जोडून लिहीत. पट्टीसाहेब तावातावाने त्यांच्याकडे गेले. छत्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे कागद परत पाठवले त्याला नोटीस यावी, हे त्यांना लागलं होतं.

“काका, माझा विरोध नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “पण उपविधीत बघा. वरून खाली पडणाऱ्या वस्तूंबद्दल कलम आहे. कुंड्या, कपडे, पाणी. आडव्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल काहीच नाही. मी परवानगी देणार कशाच्या आधारावर? तुम्ही असं करा, रीतसर अर्ज द्या. कारण लिहा, नकाशा जोडा. तीन प्रती.”

नकाशा म्हटल्यावर पट्टीसाहेबांचा राग निम्मा उतरला. सहा वर्षांनी त्यांनी नकाशाचा फळा बाहेर काढला, कागद चिकटवला, पेन्सिली टोकदार केल्या. बोळाचा नकाशा अर्ध्या तासात झाला. पण अर्जात कारण लिहायचं म्हणजे सातवा खड्डा आला, आणि खड्डा आला म्हणजे जलाशय, बांध, झाड आणि ती फांदी आली. रात्रीच्या जेवणाला दोन हाका मारून झाल्या तरी ते उठले नाहीत. झाडाचं एकेक पान काढलं. किती वर्षांनी हात चालत होता, आणि आडोशापलीकडे टकटक चालू असल्यासारखं वाटत होतं, इतकं की एकदा त्यांनी मान वर करून पाहिलं. रंग द्यायची वेळ आली. पाणी निळं, झाड हिरवं. फांदी मात्र वेगळी दिसायला हवी होती, कारण सगळं कारण तीच. त्यांनी लाल पेन्सिल उचलली.

“लाल नको बाई,” खांद्यावरून डोकावत बायको म्हणाली. “सभेतले लोक घाबरतील. पिवळी द्या. प्रसन्न दिसते.”

पिवळी पेन्सिल हातात घेतल्यावर पट्टीसाहेबांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. पण काय ते आठवेना, आणि जेवणाची तिसरी हाक आली होती. तिन्ही प्रतींवर फांदी पिवळीधमक झाली. खाली त्यांनी जुन्या सवयीने लपेटदार सही ठोकली.

सभा दोन तास चालली. पहिला पाऊण तास, काकांना नक्की कुणाला मारायचंय, हे समजून घेण्यात गेला. मग बँकवाल्यांनी साडूचे अनुभव सांगितले. डॉक्टरांनी बोट दाखवलं. शेवटी सेक्रेटरींनी ठराव मांडला, त्यातलं एक अक्षरही गोल्फ कळणाऱ्या माणसाचं नव्हतं: चेंडू जमिनीपासून तीन फुटांच्या वर जाता कामा नये, कारण डॉक्टरांची खिडकी तीन फुटांवर सुरू होते. बोळात त्या उंचीवर आडवी दोरी बांधावी. देखरेख पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी करावी. दिवसात तीनदा चेंडू दोरीवरून गेल्यास त्या दिवसापुरता सराव बंद.

“हा खेळ आहे की शिक्षा?” पट्टीसाहेब घरी येऊन म्हणाले. फांदीला निदान साडेचार फूट होते.

पण ठराव तो ठराव. दोरी बांधली गेली. मावशी सज्जात भाजी निवडत बसत आणि खाली मान घालूनच निकाल देत. “वर.” “वर.” “वर. झालं आजचं, या आता.” पहिले चार दिवस सराव पाच मिनिटांच्या पुढे गेला नाही. कामावरून परतणारे लोक फाटकातूनच विचारत, “काय मावशी, आज?” आणि मावशी वरून सांगत, “तिन्ही वर.” पट्टीसाहेबांनी पुढच्या दाराने जायचं सोडून मागच्या दाराने जायला सुरुवात केली.

जमलं ते भीतीपोटी. पाचव्या दिवशी दोन चेंडू वर गेलेले होते, तिसऱ्याला काठी फिरवताना पट्टीसाहेबांना मावशींचा आवाज आधीच ऐकू आला आणि दचकून त्यांचा हात चेंडूला लागल्याक्षणी जागच्या जागी थांबला. खट्ट. चेंडू दोरीखालून बोळभर सरळ गेला आणि टोकाच्या भिंतीपाशी जाऊन थांबला.

मावशींनी भाजीतून मान वर केली. “खाली,” त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्या पहिल्यांदाच उच्चारत होत्या.

तो खट्ट आवाज पट्टीसाहेबांच्या ओळखीचा होता. तो चेंडूचा नव्हता, टंकयंत्राच्या कळीचा होता. बोट कळीवर पडतं आणि तिथेच थांबतं, पुढे वाहत जात नाही. छत्तीस वर्षं आडोशापलीकडून ते हेच ऐकत आले होते आणि सव्वीस वर्षं तेच सातव्या खड्ड्यावर पाहत होते. त्या माणसाने आयुष्यभर टंकयंत्रावर जे केलं तेच तो काठीने करत होता. पट्टीसाहेब काठी टेकून बोळात तसेच उभे राहिले. त्यांना एकदम त्या खोलीची, आडोशावरून वर येणाऱ्या त्या तोंडाची, दुपारच्या चहाची इतकी आठवण आली की चौथा चेंडू मारायचा राहूनच गेला.

त्यानंतर चेंडू मागच्या पायाकडे ठेवायचा, हात पुढे, लागताक्षणी थांबायचं, हे हळूहळू अंगात मुरलं. तीनांतले दोन खाली जायला लागले, मग दहांतले नऊ. डॉक्टर खिडकी उघडी ठेवू लागले. सज्जात मावशींच्या सोबतीला माणसं जमू लागली, आणि “खाली” म्हटलं की टाळ्या पडू लागल्या.

टकटकरावांपासून मात्र ही बातमी जपून ठेवलेली होती. दर शनिवारी सातव्या खड्ड्यावर पट्टीसाहेब निमूटपणे बांधाला वळसा घालत.

“फांदीशी अबोला धरलास की काय?” टकटकराव विचारत.

“गुडघा दुखतो,” पट्टीसाहेब म्हणत. गुडघा ठणठणीत होता. त्यांना सगळं शेवटच्या शनिवारी दाखवायचं होतं.

तो शनिवार उजाडला. टकटकरावांची गाडी संध्याकाळची होती. पहिले सहा खड्डे दोघंही वाईट खेळले. सहाव्यावरून वळण घेतलं तर सातव्याच्या तोंडाशी ओव्हरसियर उभा. साहेबांना पाहून तो ताठ झाला.

“साहेब, काम पूर्ण. नकाशाप्रमाणे.”

पट्टीसाहेबांनी समोर पाहिलं. वाटेवर ऊन पडलेलं होतं. तिथे ऊन पडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वर मोकळं आकाश होतं, झाडाच्या अंगावर एक पांढरीस्वच्छ गोल खूण होती, आणि बांधालगत लाकडाचे ओंडके मापाने रचून ठेवलेले होते. प्रत्येकावर खडूने क्रमांक घातला होता.

“कसला नकाशा?” त्यांनी विचारलं.

ओव्हरसियरने खिशातून घडी काढली. सेक्रेटरींनी, मैदान खात्याचं असल्यामुळे, तिसरी प्रत खात्याकडे ‘माहितीसाठी व पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ रवाना केली होती. वर गोल शिक्का होता. ओव्हरसियरने फांदीवर अदबीने बोट ठेवलं.

“पिवळं होतं साहेब. आणि खाली तुमची सही. मी म्हटलं, साहेबांनी सांगितलंय म्हणजे विचारायचं काय? आठवडाभर माणसं मिळेनात, काल मिळाली. तुमच्या शनिवारच्या आत झालं पाहिजे म्हणून मी स्वतः उभा राहिलो.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्याच्यावर रागावणं शक्य नव्हतं. रागवायचं तरी कुणावर? दोन पानं कुणी लिहून घेतली होती? पट्टीसाहेब एका ओंडक्यावर बसले. ओंडका क्रमांक चार.

टकटकरावांनी नकाशा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. बोळ पाहिला, तीन फुटांची दोरी पाहिली, सातवा खड्डा पाहिला.

“गुडघा दुखत नव्हता तर,” ते म्हणाले.

“नाही.”

“आणि पिवळं तू केलंस? तू?”

“ही म्हणाली, प्रसन्न दिसतं.”

टकटकरावांना आधी हसू आवरता आलं, मग आलं नाही. ते क्रमांक पाचवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ओव्हरसियर काहीच न कळून दोघांकडे पाहत राहिला. पट्टीसाहेब हसले नाहीत. “तुझ्यासमोर एकदा खालून काढायचा होता रे,” ते म्हणाले. “तू जायच्या आत. बाकी काही नाही.” एवढं बोलायला त्यांना सव्वीस वर्षं लागली होती.

टकटकरावांनी डोळे पुसले. “चल,” ते म्हणाले, “आधी मी मारतो.”

ते उभे राहिले, थोडे वाकले, आणि मारला. आणि त्यांचा चेंडू वर गेला. ऐटीत, उंच, जिथे कालपर्यंत पानं होती तिथून वर, आणि वळून जलाशयात पडला. इतक्या वर्षांत टकटकरावांचा चेंडू पाण्यात पडलेला पट्टीसाहेबांनी पाहिला नव्हता.

“मी चेंडूकडे कधी बघतच नव्हतो,” टकटकराव चकित होऊन म्हणाले. “त्या फांदीला खाली एक गाठ होती. तिच्याकडे बघायचो आणि मारायचो. आता बघायचं कुठे?”

पट्टीसाहेब चेंडूपाशी आले. समोर रस्ता मोकळा होता. वरून मारा, कसाही मारा, आज अडवायला कुणी नव्हतं. महिनाभर जे शिकले त्याची गरजच उरली नव्हती. सात नंबरची काठी हातात जड झाली.

“काय करू?” त्यांनी विचारलं.

टकटकराव त्या गोल पांढऱ्या खुणेकडे पाहत होते. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

“फांदी तिथेच आहे रे,” ते म्हणाले.

पट्टीसाहेबांनी चेंडू मागच्या पायाकडे घेतला, हात पुढे केले. खट्ट. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीवरून सुटला, जिथे फांदी असायची तिच्याखालून गेला, उन्हाचा तुकडा ओलांडून पलीकडच्या गवतात थोडा धावला आणि खड्ड्यापासून चार पावलांवर थांबला.

“खालून गेला,” टकटकराव म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, “हातभर जागा ठेवून गेला, पट्टी. मी पाहिला.”

पट्टीसाहेबांनी खिशातली पट्टी चाचपली, ती जागेवर होती. टकटकरावांनी आपणहून सात नंबरची काठी त्यांच्या पिशवीत घातली, आणि दोघं चेंडूकडे निघाले. झाडापाशी आल्यावर टकटकरावांनी टोपी काढून हातात धरली आणि दोघंही वाकले.

“साहेब, आता वाकायचं कारण नाही,” ओव्हरसियर मागून म्हणाला. पण तोवर ते पलीकडे गेले होते.